मुंबईतील टोळ्या आणि पोलीस : एक प्रस्तावना

चोर चोरी करून पळतो. मटक्याचा अड्डा चालवणारा मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसलेला असतो, कारण त्याचे गिऱ्हाईक तिथेच येते. संघटित गुन्हेगारीचे वेगळेपण या फरकात आहे. तिला ठरलेली जागा लागते, ठरलेला भाव लागतो, पगारी माणसे आणि हिशेबनीस लागतात, आणि चालले आहे त्याकडे काणाडोळा करणारे सरकारी नोकरही लागतात. मारहाण आणि खून ही तिची हत्यारे. कमाई होते ती कायद्याने मना केलेली किंवा सरळ मार्गाने पुरेशी न मिळणारी वस्तू पुरवण्यातून. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत ही वस्तू दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली: आधी दारू, मग आकडा, मग सोने, मग जागा, आणि शेवटी खुद्द जिवाची हमी. त्या त्या वस्तूभोवती टोळ्या उभ्या राहिल्या आणि टंचाई सरली तशा त्या ओसरल्या. पोलिसांचे उपायही बदलत गेले, पण बहुधा एक पाऊल मागून. हा सगळा इतिहास पोलीस आणि गुंड यांच्यातल्या झुंजीचा म्हणून सांगायची पद्धत पडली आहे. कायदेमंडळ, अर्थखाते आणि न्यायालये यांचा त्यातला वाटा मोठा असूनही त्याची चर्चा कमी होते.

ब्रिटिश राजवटीला गुन्हेगारी टोळी दिसली ती शहरात नव्हे, तर वाटेवर आणि रानात. ठगांविरुद्ध १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन यांच्या हाताखाली जी मोहीम झाली, तिचा सारा भर माफीच्या साक्षीदारांवर होता. एकाला फोडायचे आणि त्याच्या तोंडून बाकीच्यांना अडकवायचे, ही रीत तिथे पक्की झाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ठग असणे हाच गुन्हा ठरवला आणि दरोडेखोरांच्या टोळीत असणे यालाही स्वतंत्र शिक्षा ठेवली. विशिष्ट कृत्य सिद्ध न होताही टोळीशी असलेल्या नात्यावर शिक्षा देता येते, ही कल्पना त्यामुळे आजच्या कायद्यांपेक्षा सव्वाशे-दीडशे वर्षांनी जुनी आहे.

या कल्पनेचे सर्वांत विकृत रूप १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसले. या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे सगळे त्यातून आले. सोलापूरची वसाहत महाराष्ट्राला ठाऊक आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्यातल्या वहीतला संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने तो वाचकांपुढे मांडला, तोवर १९८७ साल उजाडले होते. पोलीस यंत्रणा तांड्यांवर आणि पालांवर नजर ठेवून होती, त्याच काळात मुंबईच्या वस्त्यांत खरी टोळी वाढत होती. याला योगायोग म्हणता येणार नाही. गरीब भटक्याची हजेरी घेणे सोपे असते. धंदा चालवणाऱ्याची हजेरी कोणी घेत नाही.

मुंबई शहराला पोलीस आयुक्त मिळाला तो १८६० च्या दशकाच्या मध्यास, फ्रँक सूटर यांच्या रूपाने. त्या पोलिसांपुढचा मुख्य प्रश्न दंगे, जुगार आणि बंदरातली चोरी हा होता. गिरणगाव वाढला तसा वस्तीतला ‘दादा’ पुढे आला. तो तालीम चालवी, मेळ्याला पैसे देई, संपात कधी कामगारांच्या तर कधी मालकांच्या बाजूने माणसे उभी करी, आणि सावकाराची वसुलीही करून देई. पठाण सावकारांचा जाच तर गिरणगावाला रोजचाच होता. पठाण मुले पळवतात अशी अफवा १९२९ च्या फेब्रुवारीत उठली आणि शहरात मोठा दंगा झाला, त्यामागे हा जुना राग होताच. दादांसाठी पोलिसांकडे दोन हत्यारे होती. एक चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेणे. दुसरे तडीपारी. १९०२ च्या शहर पोलीस कायद्यातली हद्दपारीची तरतूद पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात आली आणि आजही वापरात आहे. ज्याची सत्ता चार गल्ल्यांपुरती आहे त्याला गल्लीबाहेर काढले की तो संपतो, हा तिच्यामागचा हिशेब. दादाच्या बाबतीत तो बराचसा बरोबरही होता. मात्र पुढे ज्याचा धंदा दुबईहून चालू लागला, त्याला तडीपार करून काही साधणार नव्हते.

दादाला शेठ केले ते दारूबंदीने. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत एक प्रयोग करून पाहिला होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि मोरारजी देसाई यांचा निग्रह यांमुळे स्वातंत्र्यानंतर ती कडक रीतीने लागू झाली. पिणारे कमी झाले असतील, पण पिणे थांबले नाही. हातभट्ट्या धारावी, अँटॉप हिल, माहीमची खाडी अशा दलदलीच्या, पाहऱ्याला अवघड जागी लागल्या. तिथून सायकलच्या ट्यूबमधून, फुग्यांमधून, गाड्यांच्या डिकीतून दारू शहरभर जाई. घरोघरी ‘आँटी’चे अड्डे निघाले. या धंद्याला पहिल्यांदाच साखळी लागली: गूळ आणि नवसागर पुरवणारा, भट्टी लावणारा, माल वाहणारा, विकणारा, आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीचा हप्ता ठरवणारा. तमिळनाडूतून येऊन बोरीबंदर स्थानकावर हमाली केलेला वरदराजन मुदलियार या साखळीतूनच ‘वरदाभाई’ झाला. माटुंग्याला तो गणपतीचा मोठा मंडप उभारी, झोपडपट्टीत पाणी आणि दिवे मिळवून देई, भांडणे सोडवी. महापालिका जे देत नव्हती ते तो देत होता, आणि त्याची किंमत वसूल करत होता.

दारूबंदीचा पोलिसांवर झालेला परिणाम टोळ्यांवरच्या परिणामाहून कमी गंभीर नाही. शिपायापासून वरपर्यंत आठवड्याचा हप्ता ही एक बिनबोभाट व्यवस्था झाली. १९६० च्या दशकात परवान्याची अट सैल होऊन बंदी नावापुरती उरली, तरी ही व्यवस्था मोडली नाही. ती मटक्याकडे वळली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत येत, त्यांच्यावर लोक पैज लावत. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. पत्ते काढायचे, तीन पानांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक तो आकडा: दोन, पाच आणि नऊ आले तर सोळा, म्हणून ‘छक्का’. दिवसातून दोनदा, ओपन आणि क्लोज. चार आणेही लावता येत, म्हणून गिरणी कामगार, फेरीवाला, कारकून सगळेच त्यात होते. याविरुद्धचा कायदा होता १८८७ चा, आणि त्यातली शिक्षा इतकी किरकोळ की दंड हा धंद्याचा एक खर्च मानला जाई. मटक्यात हाणामारी फारशी नव्हती, म्हणून त्याकडे गुन्हेगारी म्हणून कोणी पाहिले नाही. रोख पैसा, निरोपे आणि विश्वास यांचे जाळे शहरभर कसे विणायचे, हे मात्र पुढच्या टोळ्यांना मटक्यात आयते तयार मिळाले.

मग सोने. सोन्याच्या आयातीवर बंधने होतीच. चीन युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला मनाई झाली, आणि १९६८ मध्ये त्याला कायद्याचे कायम रूप मिळाले. लग्नात चौदा कॅरेटचे मंगळसूत्र घालायला समाज तयार नव्हता. भारतातला आणि बाहेरचा भाव यांत मोठी तफावत पडली, आणि दुबईहून गलबतांनी दहा तोळ्यांची बिस्किटे येऊ लागली. कप्प्यांच्या जाकिटांत ती अंगावर बांधून माणसे खाडीतून चालत किनारा गाठत. बदल्यात चांदी बाहेर जाई, आणि उरलेला हिशेब हवाल्याने मिटे. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान, दमणचा सुकुर नारायण बखिया, युसुफ पटेल ही या पिढीची नावे. पठाण टोळीचा करीम लाला सावकारी आणि जागा खाली करून देण्याच्या कामांतला. तो त्यांच्या जोडीला होता. हिंदी चित्रपटांनी या पिढीला पांढरे कपडे आणि तत्त्वे बहाल केली. प्रत्यक्षात गोळीबार टाळण्यात त्यांचा फायदा होता, एवढेच त्या तत्त्वांचे मूळ. किनाऱ्यावर आवाज झाला की माल अडकतो.

तस्करीविरुद्ध मुंबई पोलिसांपेक्षा केंद्र सरकारने अधिक केले. समुद्रात कस्टम्स, दिल्लीत अर्थखाते, आणि पोलीस किनाऱ्यावर मदतीला, अशी ती वाटणी होती. नेहमीच्या खटल्यात तस्कर अडकत नसे, कारण पकडला जाई तो माल वाहणारा. म्हणून १९७४ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा मार्ग धरला गेला: आधी अंतर्गत सुरक्षेच्या ‘मिसा’ कायद्याची दुरुस्ती, मग डिसेंबरपासून तस्करीविरोधी ‘कॉफेपोसा’. १९७६ च्या कायद्याने तस्करांची आणि त्यांच्या नातलगांच्या नावावरची मालमत्ता जप्त करता येऊ लागली. मस्तानसह बहुतेक मोठे तस्कर आणीबाणीत तुरुंगात होते. सुटल्यावर त्यांतल्या काहींनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तस्करी सोडण्याची शपथ घेतली. मस्तानने पुढे राजकीय पक्षही काढला. खटला न चालवता माणूस डांबण्याची ही सोय परिणामकारक होती, हे नाकारता येत नाही. राजकीय विरोधकांना डांबणारा ‘मिसा’च आधी तस्करांवर वापरला गेला होता, हेही विसरता येत नाही.

जुने शेठ आत गेले तेव्हा रस्ता रिकामा राहिला नाही. जुन्या पिढीखाली काम केलेल्या, हिंसेला न कचरणाऱ्या तरुणांची पिढी पुढे आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, मुंबई पोलिसांत हवालदार असलेल्या गृहस्थाचा मुलगा दाऊद इब्राहिम हा त्यांतला सर्वांत यशस्वी. १२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर त्याचा भाऊ साबीर पठाण टोळीकडून मारला गेला आणि सूडाची मालिका सुरू झाली. १९८३ मध्ये पठाण टोळीच्या अमीरजादाला भर न्यायालयात गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस कोठडी आणि कोर्टाचे आवारही सुरक्षित नाही, हे शहराला त्या वर्षी कळले. १९८७ मध्ये भायखळ्याच्या टोळीतल्या बाबू रेशीमला तर पोलिसांच्या कोठडीत घुसून मारण्यात आले. दाऊद १९८० च्या दशकाच्या मध्यात दुबईला गेला आणि मुंबईचा धंदा टेलिफोनवरून चालू लागला. पोलिसांनी वरदराजनला याच काळात शहर सोडायला लावले. उपायुक्त वाय. सी. पवार यांनी त्याची माणसे आणि अड्डे एकेक करून मोडले, आणि तो १९८८ मध्ये चेन्नईत वारला. जुन्या धाटणीच्या पोलीस कामाचे ते कदाचित शेवटचे ठळक यश.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा काम मिळाले नाही. संपाने बेकार झालेली पोरे टोळ्यांत गेली, हे विधान इतक्या वेळा झाले आहे की ते तपासायचे राहून जाते. भायखळा आणि सात रस्त्याच्या टोळ्या संपाआधीच उभ्या होत्या. रामा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची नावे तेव्हाच पोलीस दफ्तरी होती. गिरणी कामगारांची बहुसंख्य मुले सुरक्षारक्षक झाली, वडापाव विकू लागली, गावी परतली. संपाने टोळ्यांना माणसांपेक्षा अधिक दिली ती जमीन. मोडकळीला आलेल्या गिरण्यांखाली शहरातल्या सर्वांत महाग जागा होत्या, आणि कामगारांची संमती, युनियनचा ताबा, मालकाची घाई या तिन्हींत टोळीला शिरकाव होता. ७ मे १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ हत्या झाली, तर १६ जानेवारी १९९७ ला पवईत खुद्द दत्ता सामंत यांची.

जागेची टंचाई मुंबईला नवी नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यातून पागडी आली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन कागदात अडकली. भाडेकरूला काढण्याचा दावा दिवाणी न्यायालयात वीस वर्षे चाले, धनकोला पैसे परत मिळवायला तेवढीच. टोळी ते काम काही आठवड्यांत करून देई. मांडवली हा शब्द त्यामुळे व्यापाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आला. मांडवली करून देणारा काही दिवसांनी त्याच व्यापाऱ्याकडून खंडणी मागू लागे. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोट. सुपारी घेणारा शूटर बहुधा विशी-बाविशीचा, काही हजारांवर काम करणारा, आणि ज्याला मारायचे त्याचे नावही नीट ठाऊक नसलेला. सोन्याचा नफा गेल्यावर टोळ्या खंडणीवर उतरल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना शुल्क भरून सोने आणता येऊ लागले. सोन्याची तस्करी पूर्ण थांबली नाही, पण तिच्यावर साम्राज्य पोसण्याचे दिवस संपले.

पोलिसांचे उत्तर या काळात बंदुकीकडे सरकले. ११ जानेवारी १९८२ ला, म्हणजे गिरणी संपाच्या बरोबर आठवडाभर आधी, वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली नोंदलेली चकमक असे तिचे वर्णन केले जाते. १६ नोव्हेंबर १९९१ ला अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात अतिरिक्त आयुक्त ए. ए. खान यांच्या पथकाने गुंड माया डोळस आणि त्याच्या साथीदारांवर दिवसाढवळ्या काही तास गोळीबार केला. सात जण ठार झाले. पुढच्या वर्षी १२ सप्टेंबरला दाऊदच्या टोळीनेही आपली ताकद दाखवली. दाऊदच्या मेहुण्याच्या खुनाचा सूड म्हणून जे. जे. रुग्णालयात उपचार घेत असलेल्या, गवळी टोळीतल्या शैलेश हळदणकरला मारण्यात आले, आणि त्या हल्ल्यात एके-४७ चालली. बंदोबस्तावरचे दोन पोलीस मृत्युमुखी पडले. पोलिसांच्या हाती तेव्हा प्रामुख्याने जुन्या .३०३ रायफली होत्या.

सहा महिन्यांनी, १२ मार्च १९९३ ला, शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, काथा बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह अशा ठिकाणी दुपारच्या दोन-सव्वादोन तासांत बॉम्ब फुटले. २५७ माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींनंतर आखलेल्या या कटाचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरले होते. ज्या वाटेने वर्षानुवर्षे सोने आणि चांदी जात होती तीच ही वाट, आणि तिच्यावरची हप्त्याची व्यवस्थाही तीच. वरळीत सोडून दिलेल्या एका मोटारीवरून तपासाचा धागा माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत गेला आणि राकेश मारिया यांच्या पथकाने काही दिवसांत कट उघड केला. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने २००६-०७ मध्ये शंभर जणांना दोषी ठरवले. माल जाऊ देणारे पोलीस आणि कस्टम्सचे अधिकारीही त्यांत होते. हप्त्याला किरकोळ भ्रष्टाचार म्हणणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट पुरावा शोधून सापडणार नाही.

स्फोटांनंतर केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. ऑक्टोबर १९९३ च्या तिच्या अहवालाने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्याची नोंद केली. अहवाल संसदेत मांडायला जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि मांडल्यावरही त्यात नावे नव्हती. तोवर टोळ्याही फुटल्या होत्या. छोटा राजन दाऊदपासून वेगळा झाला आणि स्वतःला ‘देशभक्त’ म्हणवू लागला. गवळीने १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना काढली, २००४ मध्ये तो आमदारही झाला. वर्तमानपत्रांनी टोळ्यांना धर्माप्रमाणे वाटून दिले, आणि दोन्ही बाजूंच्या राजकारण्यांना ती वाटणी सोयीची पडली. खंडणी देणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र फोन कोणाचा आला याने फरक पडत नव्हता. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत कॅसेट कंपनीचे मालक गुलशनकुमार यांचा खून झाला आणि चित्रपटसृष्टीतल्या टोळीच्या पैशाचा विषय चव्हाट्यावर आला. चित्रपटाला ‘उद्योग’ म्हणून मान्यता नव्हती, म्हणून बँकेचे कर्ज नव्हते, म्हणून निर्माता ज्याच्याकडे रोकड आहे त्याच्याकडे जाई. ही मान्यता १९९८ मध्ये मिळाली. या एका निर्णयाने अनेक चकमकींहून अधिक काम केले, असे म्हणायला जागा आहे.

चकमकींचा भर याच वर्षांतला. १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली, हा आकडा पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही अधिकाऱ्यांची ओळख मारलेल्यांच्या संख्येवरून होऊ लागली. प्रत्येक घटनेची फिर्याद जवळजवळ एकाच साच्याची असे: खबऱ्याने टीप दिली, सापळा लावला, शरण यायला सांगितले, त्याने गोळी झाडली, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ उत्तर दिले. गुन्हा नोंदला जाई तो मेलेल्यावर, खुनाच्या प्रयत्नाचा. आणि आरोपीच मेलेला म्हणून प्रकरण बंद होई. त्या वेळच्या मध्यमवर्गीय मुंबईने हे केवळ सहन केले नाही, त्याला टाळ्या दिल्या. खटले रखडत होते, साक्षीदार फिरत होते, जामिनावर सुटलेला शूटर दुसऱ्या खुनात सापडत होता, हे खरेच होते. पण कोणाला मारायचे हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती येते, त्याच्याकडे टोळ्याही माहिती घेऊन येतात, एकमेकांची. चकमक हेच सुपारीचे नवे रूप होण्याचा धोका तेव्हाच दिसत होता.

या रीतीला पर्याय म्हणून कायदा आला तो १९९९ मध्ये. फेब्रुवारीतल्या अध्यादेशानंतर झालेला महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘मोक्का’, हे या साऱ्या इतिहासातले सर्वांत विचारपूर्वक घडवलेले उत्तर आहे. जुना कायदा एका वेळी एक कृत्य पाहत असे. दुबईत बसलेला म्होरक्या त्या कृत्याच्या जवळपासही नसे. मोक्काने ‘सतत चालणारे बेकायदा कृत्य’ ही कल्पना आणली. मागच्या दहा वर्षांत टोळीविरुद्ध तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असतील आणि आर्थिक फायद्यासाठी हिंसा किंवा धमकी वापरली गेली असेल, तर साऱ्या टोळीवर एकत्र खटला चालू शकतो. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो, जो एरवीच्या कायद्यात ठरत नाही. टेलिफोनवरचे संभाषण मंजुरी घेऊन ऐकता येते आणि न्यायालयात मांडता येते. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, जामीन अतिशय अवघड, किमान शिक्षा पाच वर्षे, किमान दंड पाच लाख. समतोलासाठी उपमहानिरीक्षकाच्या मंजुरीशिवाय गुन्हा नोंदता येत नाही आणि अतिरिक्त महासंचालकाच्या मंजुरीशिवाय खटला उभा राहत नाही. टोळीला मदत करणाऱ्या किंवा कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा आहे. हे कलम पुस्तकातच राहील असे वाटत असताना २००३ मध्ये बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणात वरिष्ठ पोलीस अधिकारीही मोक्काखाली अटकेत गेले. त्यांतले काही पुढे आरोपमुक्त झाले.

कायद्याला आव्हान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने टेलिफोन ऐकण्याच्या तरतुदी रद्द केल्या, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. गवळीला २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल मोक्का न्यायालयानेच जन्मठेप दिली. माजी आमदाराला साक्षीपुराव्याने शिक्षा होऊ शकते, हे त्या निकालाने दाखवले. मोक्का सर्रास लावला जातो, किरकोळ टोळक्यांवरही वापरला जातो, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे जामीन न मिळणे हीच शिक्षा होऊन बसते.

चकमकींचा हिशेब न्यायालयांत उशिरा झाला, पण झाला. ११ नोव्हेंबर २००६ ला मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया प्रकरणात २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या तेरा जणांची शिक्षा कायम केली, आणि खालच्या न्यायालयात सुटलेल्या एका नामांकित चकमकफेम अधिकाऱ्यालाही जन्मठेप ठोठावली. दरम्यान २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. दुसऱ्या ठाण्याकडून किंवा सीआयडीकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक नाही, या त्यांतल्या मुख्य. शेवटची सूचना वरकरणी किरकोळ दिसते. चकमकींमागची प्रेरणा तिने नेमकी ओळखली.

परदेशी बसलेल्यांपर्यंत पोहोचणे हा या उत्तराचा सर्वांत कच्चा भाग. दुबईने २००३ च्या सुमारास काहींना परत पाठवले. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आला, पण फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैद नाही, ही हमी पोर्तुगालला देऊनच. छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत सापडला, पत्रकार जे. डे यांच्या २०११ मधल्या हत्येबद्दल त्याला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. दाऊदला २००३ मध्ये अमेरिकेने जागतिक दहशतवादी जाहीर केले, पाकिस्तान तो तिथे असल्याचे नाकारत राहिला, आणि मुंबई स्फोटांचा मुख्य आरोपी अजून न्यायालयासमोर आलेला नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतले टोळीयुद्ध विझले. श्रेय बहुधा चकमकींना दिले जाते. पण मोक्काने टोळ्यांची मधली फळी वर्षानुवर्षे आत ठेवली, मोबाइलमुळे म्होरक्याचा आवाज पुराव्यात आला, आणि सोने, परकीय चलन व चित्रपटाचे भांडवल हे तिन्ही कायदेशीर बाजारात मिळू लागले. या तीन कारणांचा वाटा त्यांहून अधिक मोठा मानावा लागतो. जमिनीचा धंदा टोळीकडून गेला तो बिल्डर, सल्लागार आणि स्थानिक पुढारी यांच्याकडे, बहुतेक वेळा बंदुकीशिवाय. ज्या वस्तूवर बंदी कायम आहे आणि मागणी वाढती आहे, तिथे मात्र जुने चित्र पुन्हा दिसते: २०२३ मध्ये नाशिक आणि सोलापूर जिल्ह्यांत एमडी या अमली पदार्थाचे कारखाने सापडले ते औद्योगिक शेडमध्ये, मुंबईच्या बाजारासाठी माल बनवताना.

मोक्काची व्याख्या आता देशभर पोहोचली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारी हा प्रथमच सर्व राज्यांत स्वतंत्र गुन्हा केला, आणि त्यात अपहरण, खंडणी, जमीन बळकावणे, सुपारीचे खून यांच्याबरोबर सायबर गुन्हेही घातले. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आणि संभाषण ऐकण्याची खास पद्धत या मोक्कातल्या तरतुदी मात्र नव्या संहितेने घेतलेल्या नाहीत. त्या हव्या असतील तर महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा लावावा लागतो.